शाळेच्या पुढचा रस्ता

जमिनीखाली काय आहे हे खात्यात कुणालाही माहीत नव्हतं, आणि याची लाजही कुणाला वाटत नव्हती. रस्ता रुंद करायचा ठरला तेव्हा वरच्या सगळ्याची रंगीत चित्रं निघाली. दिव्यांचे खांब कसे वाकतील, मधल्या पट्ट्यात फुलं कुठली लावायची, बाकांवर बसलेली हसरी माणसंसुद्धा काढून झाली. पण त्याच रस्त्याच्या पोटात पाण्याची लाइन कुठून जाते, विजेची केबल तिच्या डोक्यावर आहे की कुशीत, टेलिफोनवाल्यांनी मध्येच काय खुपसून ठेवलंय, असं विचारलं की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायचे.

रस्ता करायच्या आधी हे पोटातलं सगळं हुडकायचं, कडेच्या नव्या चरात नेऊन घालायचं, मग वर डांबर. या कामाला सगळे 'शिफ्टिंग' म्हणतात. ते ज्या कंपनीला मिळालं, तिच्या इंजिनीअर मॅडमनी खात्यानं दिलेला नकाशा उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला आणि विचारलं, "हा ह्याच शहराचा आहे ना?"

खात्यातला कारकून हसला. "नकाशा सोडा हो मॅडम. तो चावीवाला जिवंत आहे का बघा."

चावीवाला जिवंत होता. तेवढंच.

चावीवाला म्हणजे पाणी सोडणारा माणूस. छातीएवढी उंच लोखंडी चावी खांद्यावर टाकायची, रस्त्यातल्या चेंबरचं झाकण उघडायचं, चावी आत घालून गरागरा फिरवायची. या गल्लीचं पाणी बंद, त्या गल्लीचं सुरू. उभा जन्म त्यानं हेच केलं. नोकरीत होता तोवर बायका खिडकीतून हाका मारायच्या, पुरुष वाटेत अडवून सलाम करायचे, शिव्याही पोटभर मिळायच्या. निवृत्त झाला आणि सलामही गेले, शिव्याही गेल्या. शिव्या गेल्याचं त्याला जास्त लागलं. शिवी देणारा निदान नाव काढतो.

बायको होती. म्हणजे आहे. मुलीच्या बाळंतपणाला म्हणून परगावी गेली आणि तिथलीच झाली. आधी बाळ लहान होतं, मग बाळ आजारी होतं, मग बाळ शाळेत जायला लागलं. "पुढच्या महिन्यात येते," हे ती इतक्या वेळा म्हणाली होती की आता दोघंही ते 'ठेवते' या शब्दासारखं वापरायचे. म्हटलं की फोन बंद. भांडण नव्हतं. भांडण असतं तर बोलणं तरी झालं असतं. संध्याकाळी फोन यायचा: गोळी घेतली? घेतली. जेवलात? जेवलो. खऱ्याखोट्याची चौकशी कुणी करत नव्हतं. दोन खोल्यांचं घर, त्यातल्या एका खोलीत तो राहायचा आणि दुसरीत जाऊन यायचा. जेवण ओट्यापाशी उभ्यानंच उरकायचा. बसून जेवायला समोर कुणीतरी लागतं.

अशा माणसाच्या दारात सकाळी सकाळी कंपनीची व्हॅन येऊन हॉर्न वाजवायला लागली. काय होईल? जे व्हायचं तेच झालं. म्हातारा फुलला.

"मला न्यायला गाडी येते आता," त्यानं फोनवर सांगितलं.

"कसली? ॲम्ब्युलन्स?" बायको म्हणाली. मागे नातू किंचाळत होता.

"कंपनीची! माझ्याशिवाय त्यांचं पान हलत नाही."

"बरं. टोपी घालून जा. आणि गोळी?"

"घेतली."

पहिले काही दिवस खरोखर सोन्याचे गेले. पाण्याच्या टाकीपासून शाळेपर्यंतचा रस्ता हा त्याचा स्वतःचा पट्टा. तिथं तो डोळे मिटून चालला असता. डांबराच्या थरांखाली गाडलेलं चेंबर त्यानं टाच आपटून दाखवलं. "इथं. हातानं खणा, मशिन नको." खणणारं जोडपं होतं, नवरा आणि बायको. बायकोला सगळे वहिनी म्हणायचे. नवरा पहार मारायचा, वहिनी घमेली भरायची, आणि तिचं तोंड बोलण्यानं घमेल्यापेक्षा जास्त भरलेलं असायचं. झाकण निघालं तेव्हा तीच ओरडली, "अगं बाई! काका, तुमच्या टाचेत एक्सरे आहे की काय?"

झालं. त्या दिवसापासून त्याचं नाव एक्सरे काका.

टाच आपटणं ही निव्वळ नौटंकी होती हे इथंच सांगून टाकतो. ठिकाणं त्याला पाठ होती. पण माणसं गोळा झाली, बघायला लागली, की पाठांतर म्हणून दाखवण्यात काय मजा? म्हणून तो मान तिरकी करायचा, टाच दोनदा आपटायचा, थोडं थांबायचा. मशिनचा ऑपरेटर केबिनमधून टाळ्या पिटायचा. हा ऑपरेटर जरा कुठं काम थांबलं की बसल्या जागी झोपायचा, म्हणून त्याला डुलक्या म्हणत. दुपारी सगळे व्हॅनच्या सावलीत डबे उघडायचे. पहिल्या दिवशी चावीवाल्यानं घरून काही आणलं नव्हतं. डुलक्यानं आपला डबा मध्ये सरकवला. "घ्या काका. बायकोनं केलंय, म्हणजे वाईटच असणार, पण दोघांत वाटलं की वाईटपण अर्धं होतं." चावीवाला इतका हसला की घास घशात अडकला आणि वहिनीनं पाठीत गुद्दा घातला. कुणीतरी त्याला हात लावल्याला किती काळ लोटला होता, हे त्याला त्या गुद्द्यानं कळलं.

आणि मग शाळा आली.

खात्यात नकाशे का नव्हते, हे कुणीच खरं सांगत नाही. मी सांगतो. कारकुनांनी ते कधी केले नाहीत हे तर झालंच, पण चावीवाल्यांनीही ते होऊ दिले नाहीत. आपल्या पट्ट्यात काय कुठं आहे हे दुसऱ्याला कळलं, तर उद्या साहेब आपली बदली करेल आणि चावी दुसऱ्याच्या खांद्यावर देईल, ही भीती. म्हणून प्रत्येकानं आपला पट्टा स्वतःच्या डोक्यात कोंडून ठेवला. शाळेच्या अलीकडे याचं राज्य, पलीकडे दुसऱ्याचं. तो दुसरा चावीवाला रोज शाळेच्या कोपऱ्यावर भेटायचा. दोघं हवापाण्याचं बोलायचे, पोरांच्या लग्नाचं बोलायचे, पण पाइपाबद्दल चकार शब्द नाही. एकमेकांच्या पट्ट्यात झाकण उघडं दिसलं तर मान फिरवून जायचं, हा शिष्टाचार. सवतीसुद्धा इतकं लपवत नसतील. तो दुसरा मरून गेला आणि शाळेच्या पुढचा रस्ता आपल्याबरोबर घेऊन गेला.

मॅडमनी शाळेच्या फाटकाशी उभं राहून विचारलं, "काका, इथून पुढचं माहितीये ना तुम्हाला? नसेल तर तसं सांगा. तुमचं काम इथं संपलं म्हणायचं, उद्यापासून त्रास नको तुम्हाला."

त्रास! उद्या सकाळी ती दुसरी खोली. ओट्यापाशी उभ्यानं चार घास. संध्याकाळी गोळी घेतली का.

"माहीत नसायला काय झालं?" चावीवाला म्हणाला. "सगळं माहीत आहे. थेट पुलापर्यंत."

इतकं सोपं असतं ते. जीभ उचलली आणि टाळ्याला लावली.

त्यानं अंदाज बांधला. आपल्या पट्ट्यात लाइन उजव्या अंगानं जाते, तर पुढेही उजवीकडूनच जात असणार; पाणी काय शाळा बघून रस्ता ओलांडतं? मान तिरकी केली, टाच आपटली. "इथं." जोडप्यानं खणलं. कमरेएवढं गेल्यावर पहार ठण्णकन वाजली. बिडाचा जुना पाइप! वहिनीनं खड्ड्यातूनच हात जोडले, डुलक्यानं हॉर्न दाबून धरला, मॅडमनी डांबरावर निळ्या रंगाचा बाण मारला. निळा म्हणजे पाणी. "म्हणजे लाइन उजवीकडे पक्की. नवा चर डावीकडून घेऊ."

चावीवाला कौतुकानं खड्ड्यात उतरला आणि त्यानं पाइपावर हात ठेवला.

पाइप गार नव्हता.

ज्यानं जन्मभर पाइप हाताळलेत त्याला दुसरं काही सांगावं लागत नाही. पाणी वाहत असलेला पाइप भर उन्हातही गार लागतो, मातीत असला तरी त्याला घाम फुटलेला असतो, भोवतीची माती ओलसर असते. हा कोरडा ठक्क होता. आतून रिकामा. मेलेली लाइन. म्हणजे कधीतरी त्या दुसऱ्या चावीवाल्याच्या काळात ही बंद करून पाणी भलतीकडून फिरवलं होतं, आणि जिवंत लाइन आत्ता कुठल्या अंगाला होती हे फक्त एका मेलेल्या माणसाला ठाऊक होतं.

वर सगळे वाट बघत होते. चावीवाल्यानं पाइपावर थाप मारली आणि म्हणाला, "हीच."

पुढचे दिवस तो टाच आपटत हिंडला, पण आता नौटंकी उरली नव्हती. खरंच हुडकत होता. जिवंत लाइन आपणच गुपचूप शोधून काढायची आणि "ही दुसरी, जोडलाइन" असं काहीतरी सांगून वेळ मारून न्यायची, असा त्याचा बेत. म्हणून दर थोड्या अंतरावर मशिन थांबवायचा. "इथं मशिन नको. काहीतरी आहे खाली. हातानं बघा." जोडपं खणायचं. माती. पुन्हा पुढे: "इथं." माती, दगड, कुणाची तरी जुनी चप्पल. एकदा टेलिफोनची केबल लागली तेव्हा त्यानं "बघा, म्हटलं नव्हतं?" केलं, पण त्याच्या आवाजात दम नव्हता आणि टाळी कुणी वाजवली नाही.

"काका," वहिनी घाम पुसत म्हणाली, "तुमच्या पाइपाला पाय फुटलेत का? आम्ही पोचेपर्यंत पळतोय तो."

"खोल गेला असेल," चावीवाला म्हणाला.

"मग आम्हीच पुरून घेतो त्याच्याजवळ. एकदाच."

डुलक्याची मशिन दिवस दिवस उभी राहायला लागली. झोपेची हौस कितीही असली तरी काम नसताना आलेली झोप वेगळी. तो आता डबा उघडायचा तो केबिनमध्येच. कामावर देखरेख करणाऱ्या मुकादमाच्या कपाळावरच्या आठ्या मोजायला बोटं कमी पडली असती. एक दिवस तो सरळ चावीवाल्यासमोर येऊन उभा राहिला. "काका, स्पष्ट सांगतो, वाईट वाटलं तर वाटू द्या. अजून एक खड्डा रिकामा निघाला तर उद्या गाडी तुमच्याकडे येणार नाही. खात्याला काय सांगायचं ते मी सांगेन."

दुसऱ्या दिवशी रस्त्याच्या पुढच्या वळणावर सगळे थांबले. नवा चर डाव्या अंगानंच वळणापुढे न्यायचा होता. वहिनी आधीच्या खड्ड्यात उतरून कडेची माती सारखी करत होती. तिचा नवरा पहार टेकून उभा. डुलक्यानं केबिनमधून डोकं बाहेर काढलं.

"बोला एक्सरे. मशिन घालू की पुन्हा ह्यांना उकरायला लावता?"

सगळे त्याच्याकडे बघत होते. कौतुकानं नाही. जसं न चालणाऱ्या मशिनकडे बघतात तसं. चावीवाल्याला ते बघवलं नाही. त्याला फक्त एवढंच हवं होतं की डुलक्यानं पुन्हा हसावं, डबा मध्ये सरकावा, कुणीतरी पाठीत गुद्दा घालावा. त्यानं टाच आपटली. डोळे मिटले.

"साफ आहे," तो म्हणाला. "बिनधास्त घाल."

"आत्ता कसं बोललात!" डुलक्या म्हणाला, आणि खरंच हसला.

मशिनचा पंजा खाली गेला, वर आला, पुन्हा गेला. तिसऱ्यांदा वर आला तो पाण्यासकट. आधी नुसता फुसकारा, मग रस्ताच फाटल्यासारखा आवाज, आणि चिखलाचा खांब मशिनच्या वर गेला. जिवंत लाइन डावीकडे होती. डुलक्यानं मशिन मागे घेतली, पण तोवर पाण्यानं मधली माती खाल्ली होती आणि वहिनीच्या खड्ड्याची कड तिच्या अंगावर बसली. नवऱ्यानं ओरडत खाली उडी मारली. मुकादम, डुलक्या, दोन वाटसरू, सगळे हातांनी माती ओढत होते. चावीवालाही ओढत होता. खांद्यापर्यंतचा चिखल त्याला गारेगार लागत होता. हाच तो गारवा, एवढे दिवस हुडकत होता तो.

वहिनी निघाली. जिवंत, शिव्या देत, पांढरीफटक. पण तिचा पाय घोट्यापाशी भलत्या बाजूला वळलेला होता. व्हॅन तिला घेऊन गेली. निम्म्या शहराचं पाणी बंद झालं.

संध्याकाळी व्हॅन परत आली तेव्हा मॅडमनी चावीवाल्याला आत बसवलं आणि दार ओढून घेतलं. वय असेल त्याच्या मुलीएवढं.

"उद्या खात्याचे साहेब येतायत चौकशीला. नीट ऐका काका. ऑपरेटरनं कुणाला न विचारता मशिन घातली, असं सांगायचं ठरलंय. तुम्ही फक्त गप्प बसायचं. विचारलं तर 'मी तिकडे होतो' म्हणायचं."

"पण त्यानं विचारलं होतं. मीच म्हटलं घाल."

"माहितीये मला."

"मग त्याची नोकरी?"

"ऑपरेटर आहे तो. दुसरी मशिन मिळेल त्याला."

"काळ्या यादीत घातलेल्याला कोण देतं मशिन?" चावीवाला म्हणाला. "मी म्हणतो ना, माझा अंदाज चुकला. म्हाताऱ्याला काय करतील?"

मॅडमनी मान हलवली. "अंदाज चुकला म्हणालात की पुढचा प्रश्न येतो, अंदाजावर काम का केलं. तो मला येतो. शाळेपुढचं तुम्हाला काही माहीत नाही, हे मला पहिल्या रिकाम्या खड्ड्यातच कळलं होतं काका."

"मग मला आणत का होतात?"

"खात्याची अट आहे. जुना माहीतगार माणूस साइटवर हजर पाहिजे. हजर पाहिजे. त्याला माहीत पाहिजे असं कुठं आहे?" त्यांनी डोळे पुसले, रागानं. "माझी पहिली साइट आहे. मीसुद्धा कुणालातरी विचारलंच असतं, पण विचारायला आहे कोण? हे बघा, तुम्ही गप्प राहिलात तर सगळं नेहमीसारखं. पुलापर्यंत वर्षभर काम आहे. रोज गाडी येईल तुमच्या दारात. कुणी तुम्हाला पाइप विचारणार नाही. नुसतं या, बसा, चहा घ्या."

बघा म्हणजे. माणसाला जे हवं असतं ते असं ताटात वाढून येतं, आणि ताटाखाली दुसऱ्याचा हात चिरडलेला असतो.

त्या रात्री बायकोचा फोन आला. "गोळी घेतली?"

"ऐक ना," तो म्हणाला. "आज एका बाईचा पाय मोडला. माझ्यामुळे."

"अगं बाई. तुम्हाला नाही ना लागलं?"

"नाही. तू ऐक तर—"

"थांबा हं, हा पाणी सांडतोय सगळीकडे. अरे ठेव ते! उद्या बोलू का? पुढच्या महिन्यात येतेच आहे मी."

फोन बंद. चावीवाला फोन हातात धरून बसून राहिला. निदान हातात धरायला तरी काहीतरी.

सकाळी खात्याचे साहेब आले, बूट चिखलात भरू नयेत म्हणून फळीवर उभे राहिले. मुकादमानं ठरलेलं सगळं घडाघडा सांगितलं. डुलक्या बाजूला उभा होता, चेहरा सुजल्यासारखा. बोलून उपयोग नसतो हे त्या लोकांना लहानपणीच कळलेलं असतं. साहेबांनी त्याच्याकडे न बघता विचारलं, "मद्यपान वगैरे?" आणि मुकादम म्हणाला, "झोपतो साहेब तो. सगळ्यांना माहितीये."

डुलक्यानं फक्त एकदा चावीवाल्याकडे पाहिलं. विनवणी नव्हती त्यात. तू बोलणार नाहीस हे मला माहितीये, असं होतं.

"मी सांगितलं घाल म्हणून," चावीवाला म्हणाला.

आवाज इतका बारीक निघाला की साहेबांनी "काय?" केलं.

"मी सांगितलं त्याला! त्यानं विचारलं होतं. मी म्हटलं साफ आहे." आता आवाज फुटला. "मला शाळेच्या पुढचं काही माहीत नाही. कधीच नव्हतं. पहिला पाइप सापडला ना, तो मेलेला होता. गार नव्हता तो. हात लावला तेव्हाच कळलं मला आणि मी हीच म्हणून सांगितलं. ह्याला काढू नका. ह्यानं विचारूनच मशिन घातली."

साहेब फळीवर चुळबुळले. "पण मग तुम्ही असं का सांगितलंत?"

या प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडे होतं. पण चिखलात उभं राहून, सगळ्यांसमोर, एका बूटवाल्या माणसाला 'मला घरी बसवत नव्हतं' असं सांगायचं कसं? "म्हातारपण," तो म्हणाला. साहेबांना ते पटलं. लोकांना ते लगेच पटतं. साहेब मॅडमना बाजूला घेऊन गेले. मॅडम एकट्या उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांची बाजू घ्यायला कुणी आलं नाही. त्यांचीही खोली कुठंतरी असणार, भाड्याची, तिच्यातही त्या एकट्याच परतणार. पण ते चावीवाल्याला नंतर सुचलं.

डुलक्याची नोकरी राहिली. तो चावीवाल्याजवळ आला. चावीवाल्याला वाटलं, आता हा काहीतरी म्हणेल.

"माझ्या पंजाखाली ती मेली असती तर?" डुलक्या म्हणाला. "मला आयुष्यभर वाटलं असतं मी मारली. तुम्हाला खेळ सुचत होते." आणि मशिनकडे निघून गेला.

घरी सोडायला कुणी म्हणालं नाही. चावीवाला चालत निघाला, आणि वाटेत पत्र्याच्या शेडशी थांबला, जिथं ते जोडपं राहायचं. दवाखान्यानं पायाला प्लास्टर घालून तिला तिथंच पाठवून दिलं होतं. वहिनी दारात खाटेवर बसली होती, पाय विटांवर ठेवून. नवरा कामावर. शेजारची बाई तांब्या ठेवून नुकतीच गेलेली.

तो उभा राहिला. तिनं बघितलं, पण बसा म्हणाली नाही.

"मीच केलं सगळं," तो म्हणाला. "मला ते पुढचं माहीतच नव्हतं. तुम्ही लोक यायचे बंद व्हाल म्हणून..." पुढचं वाक्य त्याला पुरं करता येईना. "घरी कुणी नसतं ना."

वहिनीनं पायाखालची वीट सारखी केली. ती आता शिव्या देईल म्हणून त्यानं मान खाली घातली. शिव्या चालल्या असत्या. त्यासाठीच आला होता तो, असंही म्हणता येईल.

"एवढंच होतं?" ती म्हणाली. "मग तसं म्हणायचं होतंत. दुपारी डबा घेऊन येऊन बसला असतात आमच्यात, कोण हाकलणार होतं? दोन भाकऱ्या जास्त आणल्या असत्या मी. त्यापायी रिकामे खड्डे कशाला खणायला लावलेत?"

असं नुसतं जाऊन कुणाजवळ बसता येतं, हे त्याला खरंच माहीत नव्हतं. चावी खांद्यावर नसताना तो कधी कुणाच्या दारात गेलाच नव्हता.

"आता येऊ?" त्यानं विचारलं.

"आता नको," वहिनी म्हणाली, आणि पायाकडे बघितलं. "आता माझ्या नवऱ्यानं बघितलं तर पहार घालेल डोक्यात. जा तुम्ही."

तो गेला.

नंतरच्या आठवड्यात रस्त्याला कठडे लागले. मॅडमच्या जागी दुसरे कुणी इंजिनीअर आले. त्यांनी एकच केलं, दर थोड्या पावलांवर हातानं खणून बघायचं, काही असो नसो. जे पहिल्यापासून करायला हवं होतं आणि जे कुणीच करत नाही, कारण वेळ जातो. एका दुपारी चावीवाला कठड्याबाहेर येऊन उभा राहिला. आत डुलक्या होता, मुकादम होता, वहिनीचा नवरा एकटाच खणत होता आणि घमेलीही तोच भरत होता. कुणी याच्याकडे बघितलं नाही. की बघून न बघितल्यासारखं केलं, ते कळायला मार्ग नव्हता.

शेजारी अजून एक माणूस येऊन उभा राहिला. याच्याच वयाचा, हातात रिकामी पिशवी. बाजारात जायच्या वाटेवर उगाच थांबलेला. अशी माणसं खोदकामाशी नेहमी थांबतात. त्यांना कुठं जायचं नसतं म्हणून त्यांना खड्डा पुरतो.

"काय काढतायत हो?" त्यानं विचारलं.

"लाइन हलवतायत."

"खाली काय काय असेल, नाही? तुम्हाला माहिती दिसतंय. काय आहे इथं खाली?"

चावीवाल्याच्या टाचेपर्यंत काहीतरी आलं. त्यानं दोन्ही पाय घट्ट रोवले.

"नाही माहीत," तो म्हणाला.

"मलाही नाही," तो माणूस म्हणाला, आणि पिशवी या हातातून त्या हातात घेऊन कठड्याला टेकला. खड्ड्यातून मातीचं घमेलं वर आलं. दोघं बघत राहिले.